समूचं ‘नको’

भात पिकून पिवळं पडलं होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात विनिताला समूला घेऊन ठाण्याला जायचं होतं.

“आजच जावाला पायजे का?” सासूने विचारलं. कलावती ओट्यावर बसून दगडावर विळा घासत होती. मान काही तिने वर केली नाही.

“आज आढावा आहे, आई. मॅडमनी सांगितलंय, चुकवू नका.”

“आभाल बग जरा. कापनीला मानसं मिलत नाय. सुदेश टँकरवर जातो. मी एकली काय काय करू?”

विनिताने पिशवी खांद्याला लावली. डोंबिवलीच्या मागच्या अंगाला, शीळ रस्त्यापासून आत, घराचं एवढंच एक शेत उरलं होतं. तीन बाजूंनी टॉवर उभे राहिले होते आणि मधल्या खोलगट तुकड्यात हे भात. वर्षभराचा तांदूळ त्यातून निघायचा. नवरा सुदेश पाण्याचा टँकर चालवायचा. त्याच टॉवरना पाणी पोचवायचा आणि घरी आला की स्वतःच्या घरातला पिंप रिकामा बघून हसायचा.

समू पाचाला टेकली होती. कागदावर समीक्षा. कान तपासून झाले होते, ऐकू नीट येत होतं. पण बोलणं आलं नव्हतं. हाक मारली तर मनात असेल तेव्हाच वळायची. पेंढ्याच्या काड्या एकीवर एक रचत बसायची, आणि ती रास कुणी हलवली की अंग टाकून द्यायची. ठाण्यात नौपाड्यातल्या, बोलायला शिकवणाऱ्या सेंटरमध्ये तिला न्यायला लागून दोन वर्षं होत आली होती.

बस शीळफाट्यावरून मुंब्र्याच्या डोंगराच्या कडेने निघाली. समू खिडकीच्या गजाला जीभ लावत होती. शेजारच्या बाईने पाय आवरून घेतले. विनिताने समूला ओढून मांडीवर घट्ट धरलं आणि ठाणे येईपर्यंत कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

सेंटरच्या खोलीत समू मात्र शहाण्यासारखी वागली. वल्लरी मॅडमनी चेंडू हातात धरला, ओठ जुळवले, “बॉल.” समू चेंडूकडे बघत म्हणाली, “बॉ.” मग पाण्याचा पेला धरला. “पा.” मग मांजराचं चित्र. तिथे समू नुसती बघत राहिली. पण मॅडम खूश होत्या.

“मागच्या वेळेपेक्षा खूप छान! विनिता, घरी पण बोलते ना ती?”

घरी समूने एकदाही चेंडूला बॉ म्हटलं नव्हतं. पाणी हवं असलं तर ती पिंपाजवळ जाऊन उभी राहायची, बस. पण मागच्याच खेपेला मॅडम म्हणाल्या होत्या की ज्या मुलांचे शब्द सुरू झाले त्यांना जूनपासून मोठ्या गटात घेऊ, आणि तिथून पुढे शाळा. बाहेर बाकावर दुसऱ्या मुलांच्या आया बसल्या होत्या, ऐकत.

“हो,” विनिता म्हणाली. “बोलते. कधी कधी.”

“अरे वा. मग आता आपण दोन शब्द जोडायला घेऊ. ‘पाणी दे’, ‘बॉल दे’. जूनच्या गटासाठी मी तिचं नाव सुचवते.”

जिना उतरताना विनिताचे पाय हलके झाले होते, पण ते ‘हो’ मनातून जात नव्हतं. घरी आल्यावर तिने कलावतीला एवढंच सांगितलं, “जूनला शाळेच्या गटात घेणार म्हणाल्या.”

“मंग! मी सांगत व्हते ना, आमच्यातली पोरं उशिरा बोलतात,” कलावती म्हणाली आणि रात्रीच्या भाकरीला तिने समूसाठी वेगळा लोण्याचा गोळा काढला.

कापणी सुरू झाली. दोघी बायका वाकून पुढे सरकायच्या, डाव्या मुठीत भाताचा जुडगा, उजव्या हाताने विळ्याची एकच ओढ. कापलेलं भात मागे पसरत जायचं. कमरेत दुपारपर्यंत कळ भरायची, तळहाताला पातीने बारीक चिरे पडायचे, आणि त्यांत घाम शिरला की आग व्हायची. आभाळ पश्चिमेकडून काळं होत होतं. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता.

समूला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. शेताच्या कडेने टँकर आणि डंपर धुरळा उडवत जायचे, आणि समूला चाकं बघायला आवडायची. एकदा ती रस्त्यापर्यंत पोचली होती. तेव्हापासून विनिता तिच्या कमरेला जुनी ओढणी बांधून दुसरं टोक बांधावरच्या शेवग्याच्या खोडाला बांधायची. पुढ्यात पेंढ्याच्या काड्या. एरवी त्यात तिचा दिवस जायचा.

त्या दिवशी मात्र समू सकाळपासून रडत होती. काड्या तिने उधळून दिल्या. पाणी दिलं तर पेला भिरकावला. मग डोकं शेवग्याच्या बुंध्यावर आपटायला लागली, एकाच लयीत, पुन्हा पुन्हा.

विनिता धावत गेली, तिला उचललं, छातीशी धरलं. समूने तिच्या खांद्याला चावा घेतला.

“हट्ट हाय तो,” कलावती शेतातून ओरडली. “तू गेलीस का अजून करते. ये इकडं, पाऊस यायला लागला.”

बुंध्याला गोणपाट गुंडाळून विनिता परत वळली. रडणं चालूच होतं. तेवढ्यात समोरच्या टॉवरच्या गॅलरीतून एक बाई वाकली. हातात मोबाईल होता.

“ओ बाई! मुलीला जनावरासारखं काय बांधून ठेवलंय? लाज वाटत नाही?”

आजूबाजूच्या गॅलऱ्यांत आणखी दोन डोकी आली. विनिताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिला सांगायचं होतं की रस्ता तिथे आहे, डंपर थांबत नाहीत, माझे दोनच हात आहेत. पण खाली मान घालून ती कापत राहिली. विळा एकदा करंगळीला लागला तेव्हाही थांबली नाही.

दुपारी टपोरे थेंब पडायला लागले. सुदेश टँकर तसाच रस्त्यात लावून धावत आला. तिघांनी ओलं-सुकं न बघता भारे बांधले, डोक्यावर घेतले, चिखलातून घसरत ओट्यावर आणून टाकले, वर ताडपत्री ओढली. अर्धं भात शेतातच राहिलं. शेवटची फेरी झाल्यावर विनिताने ओढणी सोडली. समूचं रडणं बंद झालं होतं. ती भिजून गप्प पडली होती, आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

सकाळी उशीवर पिवळसर डाग होता. कानातून पू वाहत होता.

डोंबिवलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. “पडदा फुटलाय. हे एका दिवसाचं नाही. चांगलं ठणकत असणार दोन-तीन दिवस. हिने सांगितलं नाही?”

“ती बोलत नाही,” विनिता म्हणाली.

सुदेशने चमकून तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. घरात म्हणायचे, अजून बोलत नाही, उशिरा बोलेल, लाजते.

“पडदा भरून येईल,” डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले. “लहान वय आहे. पाणी जाऊ देऊ नका.”

बाहेर पडल्यावर रिक्षा मिळेपर्यंत सुदेश समूला खांद्यावर घेऊन उभा होता. “डोकं आपटत होती ना ती,” तो म्हणाला. “ज्या बाजूचा कान, त्याच बाजूने.” रिक्षात त्याने तो कान तळहाताने झाकून धरला.

पुढच्या वारी विनिता एकटी ठाण्याला गेली. वल्लरी मॅडम दोन मुलांच्या मधल्या वेळात डबा खात होत्या. विनिता दारातच उभी राहिली.

“मॅडम, मी खोटं बोलले. समू घरी एक शब्द बोलत नाही. तिचा कान फुटेपर्यंत आम्हाला कळलं नाही.” आणि मग सगळंच आलं: ओढणी, शेवगा, बुंध्यावरचा गोणपाट, पाऊस. रडू मात्र आलं नाही. ती हिशेब दिल्यासारखं सांगत राहिली.

मॅडमनी डबा बंद केला. विनिताला वाटलं, आता नाव कापणार.

“बस ना,” त्या म्हणाल्या. “मी तुला ‘बोलते का’ एवढंच विचारलं. कधी बोलते, कोणाशी, कशासाठी, हे विचारलंच नाही. इथे टेबलावर चेंडू धरला की बॉ म्हणते, त्यावर मी पुढचं सगळं ठरवलं. त्या बॉचा तिला घरी काय उपयोग?” त्यांनी वही पुढे ओढली. “मला तुमच्या घरी यायचंय. चालेल?”

त्या आल्या तेव्हा ओट्यावर झोडणी चालली होती. पेंढी वर उचलायची आणि फळीवर आपटायची, दाणे उडायचे, अंगाला भाताची बारीक कूस लागून खाज सुटायची. मॅडम वर्तकनगरच्या आपल्या घरून रिक्षा बदलत बदलत आल्या होत्या, चपला चिखलाने भरल्या होत्या. कलावतीने त्यांना पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली, आणि पुन्हा पेंढी उचलली. मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि दुपार सरेपर्यंत फक्त समूकडे बघत राहिल्या.

समू पिंपाजवळ जाऊन उभी राहिली, तसं विनिताने पाणी दिलं. भूक लागली तेव्हा चुलीजवळ गेली, आणि कलावतीने घास भरवले. पोट भरल्यावर तिने तोंड फिरवलं. कलावतीने हनुवटी धरून आणखी एक घास कोंबला. समू किंचाळली, ताटलीला लाथ मारली. भात जमिनीवर सांडला.

“हे रोज होतं?” मॅडमनी विचारलं.

“खात नाय ती. भरवाला लागतं,” कलावती म्हणाली.

“हवं ते मागायला तिला वाट आहे. पिंपाजवळ उभी राहते, तुम्हाला कळतं. पण नको असेल तर? दुखत असेल तर? तेव्हा तिच्याजवळ फक्त किंचाळणं आहे. आणि डोकं आपटणं.” मॅडमनी हाताचा पंजा उघडून पुढे धरला. “आता पहिलं हे शिकवायचं. नको. ते जमलं की दुसरं: जिथे दुखतं तिथे आईचा हात धरून नेऊन ठेवायचा. दोन शब्द जोडणं सध्या बाजूला.”

“आणि जूनचा गट?” विनिताने विचारलं.

“या जूनला नाही, विनिता.”

फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज थांबला. कलावती ताठ उभी राहिली. पदराला कूस चिकटली होती.

“दोन वर्सं पोरीला ठान्याला नेली ती हात हलवाला शिकवाला? बॉ बोलत व्हती ना ती? आता मुक्या मानसासारखे हात करवाचे? मंग ती कदी बोलेल?”

“शब्द आपण सोडत नाही, आजी. पण ते येतील का आणि कधी, मला माहीत नाही. तोवर तिने दुखणं अंगावर काढायचं का?”

कलावतीने पेंढी खाली टाकली. ती आत गेली ती मॅडम जाईपर्यंत बाहेर आली नाही.

दिवस कसोटीचे आले. ओलं राहिलेलं भात काळं पडलं. तो तांदूळ शिजवला की कुबट वास यायचा, तरी खावाच लागला. विनिताने समूला ज्या ज्या गोष्टी नकोशा होत्या त्या हेरल्या: कानात औषध, चेहऱ्यावर ओलं फडकं, शेजारणीचं गाल ओढणं. प्रत्येक वेळी ती समूचा पंजा उघडून पुढे धरायची, “नको” म्हणायची, आणि ताबडतोब थांबायची. औषध तेवढं घालावंच लागायचं. सुदेशही करायचा, अवघडून, टँकरवरून आल्या आल्या डिझेलच्या वासाच्या हाताने. कलावती मात्र भरवत राहिली. “पोट रिकामं ठेवू काय तिचं?” त्यावरून घरात दोनदा भांडण पेटलं. दुसऱ्यांदा सुदेश आईवर ओरडला आणि त्या रात्री कुणीच जेवलं नाही.

पुन्हा आढावा आला तेव्हा विनिताने मॅडमच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “नाही. स्वतःहून एकदाही नाही केलं.”

“बरं झालं सांगितलंस,” मॅडम म्हणाल्या, आणि खरंच त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. “म्हणजे आपण पसारा मोठा केला. दिवसभरातली एकच गोष्ट धरू. रोज होते, नकोशी असते, आणि थांबवली तरी कुणाचं बिघडत नाही अशी.”

विनिताला विचार करावा लागला नाही. “वेणी,” ती म्हणाली.

समूचे केस दाट होते, कुरळे. तेल लावून, गुडघ्यांत धरून, दोन वेण्या घट्ट बांधेपर्यंत रोज सकाळी गल्लीला ऐकू जाईल असा आकांत व्हायचा. आता विनिता फणी केसांना लावायची, समू किंचाळायच्या आत तिचा पंजा उघडायची, “नको” म्हणायची, आणि फणी खाली ठेवायची. थोड्या वेळाने पुन्हा. थंडी पडली. वालाच्या शेंगा भरल्या. समू विस्कटल्या डोक्याने गावात फिरायला लागली आणि बायका विनिताला ऐकू जाईल असं बोलायच्या, “एकच पोर हाय, तिचं पन डोकं इंचरत नाय.”

एका सकाळी फणी केसांना लागली. विनिताने हात पुढे केला नव्हता. तिचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे होतं. आणि समूने मागे न बघता आपला पंजा उचलला. उघडा, बोटं वाकडीतिकडी, फणीच्या आड.

विनिताने फणी खाली ठेवली. समू उठली, दोन पावलं गेली, वळून फणीकडे पाहिलं. फणी जमिनीवरच होती. मग ती शांतपणे ओट्यावर जाऊन काड्या रचत बसली.

दूध उतू गेलं. विनिता चुलीपाशी तशीच बसून राहिली. आनंद म्हणावं तर तो आनंदही नव्हता. मुलीने पाच वर्षांत आईला सांगितलेली पहिली गोष्ट ही होती, की मला हात लावू नकोस.

कलावती दारात उभी होती. तिने पाहिलं होतं. तिने सांडलेल्या दुधावर राख टाकली.

त्या दिवसापासून जेवताना समूने तोंड फिरवलं की कलावतीचा हात अर्ध्या वाटेवर अडखळायचा. कधी थांबायचा, कधी नाही. ‘दुखतंय’ अजून जमलं नव्हतं. समू पडली, गुडघा फुटला, तरी विनिताचा हात धरून जखमेवर नेत नव्हती. मॅडम म्हणाल्या, चालू ठेवा. विनिता चालू ठेवत होती.

माघात सुदेशच्या चुलतभावाची हळद होती. मांडव रस्त्यापर्यंत आला होता, बँडचा आवाज छातीत धडधडत होता, बायका पिवळ्या साड्यांत फेर धरत होत्या. विनिता समूला घेऊन मागच्या बाजूला, आवाज कमी येईल अशा कोपऱ्यात बसली होती. समूचे केस मोकळे होते. येणारी-जाणारी बाई आधी त्या केसांकडे बघायची, मग विनिताकडे. कलावती व्याह्यांच्या बायकांमध्ये बसली होती, मानाच्या जागी.

दिव्याहून आलेली रमाबाई, सुदेशची आत्या, हळदीने माखलेले हात घेऊन आली. घरात तिचा शब्द मोठा. कलावतीसुद्धा नणंदेपुढे आवाज चढवत नसे.

“हीच ना गो आपली समू? इकडं ये, तुला हलद लावते.” तिने वाकून समूला दोन्ही हातांनी उचललं.

समूने पंजा वर केला. उघडा, रमाबाईच्या तोंडासमोर.

“अग्गो, मना मारते काय?” रमाबाई हसली. भोवतालच्या बाया हसल्या. तिने समूला आणखी जवळ ओढलं, गालाला हळद फासली. समूचं अंग ताठ झालं. पंजा पुन्हा वर आला.

विनिता उठली. पण सगळ्या नातेवाइकांत, आतेसासूच्या हातून पोर कशी काढून घ्यायची?

“वन्स, ठेव तिला खाली.”

आवाज मागून आला. कलावती मानाच्या जागेवरून उठून आली होती. बँडच्या गोंगाटात तिला ओरडावं लागलं, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

“काय झालं गो? हलदच तर लावते.”

“ती नको बोलते.”

“कदी बोलली?” रमाबाईने भुवया चढवल्या. “तुझी नात बोलते का?”

कलावतीचा चेहरा उतरला. सगळ्या बाया बघत होत्या. विनिताला वाटलं, आता सासू हसून सावरून घेईल, उशिरा बोलेल, लाजते म्हणेल. कलावती एक पाऊल पुढे आली.

“तोंडानी नाय बोलत,” ती म्हणाली. “पन सांगलान ना तिनी. दोनदा सांगलान. खाली ठेव.”

रमाबाईने समूला खाली सोडलं आणि हात झटकत, नाक मुरडत निघून गेली. समू मांडवाच्या खांबामागे जाऊन उकिडवी बसली. कलावती तिच्याजवळ गेली, पण तिला हात लावला नाही. हातभर अंतर ठेवून जमिनीवर बसली. नव्या साडीला माती लागली तरी तिने पदर आवरला नाही.

विनिताने ओलं फडकं आणलं, गालावरची हळद पुसायला. समूने तिच्याकडे पाहिलं आणि पंजा उचलला.

विनिताने फडक्याची घडी केली आणि ती सासूच्या पलीकडे जाऊन बसली.